रस्त्यापलीकडून वाचायची पाटी

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी मी मेक्सिको सिटीतल्या एका गाईडबाईंना २१३ डॉलर ४० सेंट पाठवले. पाच जणांची तिकिटं आणि त्यांची आगाऊ रक्कम मिळून एवढे झाले होते. ४ मार्चला सकाळी अकरा वाजता आम्ही फ्रिदा काहलो या चित्रकर्तीचं निळं घर बघणार होतो. मी, माझी बायको रत्ना, इथल्या, टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळातलं एक जोडपं आणि आमच्या समोरच्या घरात राहणारे मोरेश्वर ढोबळे. मी लिहितो आहे ते या मोरेश्वरभाऊंबद्दल.

भाऊ नागपूरचे. वय एकाहत्तर. इतवारीत त्यांचं 'मोरू आर्ट' नावाचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली साडेतीन फुटांची बोळ, वर पत्रा. तिथे बसून त्यांनी चौतीस वर्षं पाट्या रंगवल्या. किराणा, दवाखाने, ट्रकांच्या मागच्या फळ्या, काय सांगाल ते. त्यांचा एक नियम होता. पाटी टांगली की गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे उभं करायचं आणि मोठ्याने वाचायला लावायचं. न अडखळता वाचली तरच शेवटचे पाच रुपये घ्यायचे. तोवर ते बाकी.

मग फ्लेक्स आले. आधी काम गेलं, मग बोळ गेली. नऊ वर्षांपूर्वी पत्नी वारल्यावर मुलगा ईशान त्यांना इकडे घेऊन आला. सामानात ब्रशांचा पत्र्याचा डबा आणि रंगवताना हात टेकवायची काठी होती. ईशानच्या गॅरेजमध्ये, पाणी तापवायच्या टाकीशेजारी, भाऊंनी एक स्टूल टाकलं. लोकांनी टाकून दिलेल्या फळ्या आणून त्यावर ते घरांचे नंबर रंगवत, मंडळाच्या गणपतीसाठी फलक करत. गॅरेजचं दार मात्र नेहमी खाली ओढलेलं. आत ट्यूबलाईट.

या जानेवारीत ईशानने बायकोसाठी, आश्लेषासाठी, नवी गाडी घेतली. टेक्ससमध्ये वसंतात गारा पडतात, लिंबाएवढ्या. बाहेर उभ्या गाडीच्या पत्र्याची चाळण होते. तेव्हा एप्रिलच्या आत कोपरा रिकामा करायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे ईशान म्हणाला आणि भाऊ गप्प राहिले.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"घर त्याचं आहे जी," एवढंच म्हणून ते ब्रश रॉकेलमध्ये बुडवून पुसू लागले. कायमचे बांधून ठेवायचे होते. सहलीला मात्र ते लगेच तयार झाले. म्हणाले, "मोठे चित्रकार बसत कुठे होते, ते एकदा पाहून घेतो. मग डबा बंद."

निळ्या घराच्या दारात रांग वळणापर्यंत गेलेली. पहारेकऱ्याने फोनवरची तिकिटं बघितली आणि मान हलवली. गाईडबाई माझ्याकडे वळल्या. तिकिटं ३ एप्रिलची होती. मी त्यांना पाठवलेला तक्ता उघडला. तिथे मीच लिहिलं होतं : ०३/०४/२०२५. वयाच्या पस्तिशीपर्यंत मी तारीख आधी लिहिली. अमेरिकेत आल्यावर महिना आधी लिहायची सवय स्वतःला नेटाने लावून घेतली. मेक्सिकोत पुन्हा तारीख आधी लिहितात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"एकोणतीस वर्षं लोकांची बिलं तपासताय!" रत्ना म्हणाली. "मी म्हटलं होतं, महिना अक्षरात लिहा."

"जाऊ द्या वहिनी," भाऊ म्हणाले. "इथे आपल्या गावासारखंच लिहितात. तुमचे हेच अमेरिकन होऊन बसले."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसाची तिकिटं संपली होती आणि आमचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. भाऊंचा डबा बंद होण्याआधीची ही एकच सहल, आणि ती माझ्या एका आकड्याने बुडवली होती.

गाईडबाईंनी सुचवलं, फ्रिदाचे पती दिएगो रिवेरा यांचा स्टुडिओ जवळच आहे, तिथे आत्ताही जाता येईल. टॅक्सीने गेलो. भिंतीऐवजी उंच निवडुंगांचं कुंपण. आत दोन चौकोनी घरं, एक नवऱ्याचं, एक बायकोचं, आणि गच्चीवरून दोघांना जोडणारा एक छोटासा पूल.

"हे बरंय," रत्ना म्हणाली. "भांडण झालं की पूल बंद."

वर स्टुडिओत शिरलो. एक अख्खी भिंत काचेची, खालपासून छतापर्यंत. माणसापेक्षा उंच कागदी पुतळे, सांगाडे, सैतान, सगळे जणू कोणाची तरी वाट बघत उभे. टेबलावर रंगांच्या पुड्या, ब्रश. मी सवयीने तावदानं मोजायला लागलो आणि मधेच सोडून दिली. माझ्या हातून असं सहसा होत नाही.

भाऊंनी पुतळ्यांकडे बघितलंही नाही. ते खिडकीसमोर गेले आणि हात पुढे धरून उभे राहिले. हात उलटा केला, सुलटा केला.

"सावली पडत नाही," ते म्हणाले. "पाहा तुम्ही. कुठूनच पडत नाही."

त्यांनी मला फोनवर दिशा बघायला लावली. खिडकी उत्तरेला होती, म्हणून ऊन थेट आत येत नव्हतं. मग ते उलट पावली मागच्या भिंतीपर्यंत गेले, गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे नेत असतील तसे, आणि तिथून सगळी खोली डोळ्यांत घेतली. खोलीभर तो उजेड होता, एकसारखा, शांत. रंगकामातलं मला काही कळत नाही. तरी तिथे टोपी काढून हातात धरावीशी वाटली, आणि मी धरली.

"यांनी घर बांधून त्याला खिडकी नाही पाडली," भाऊ हळूच म्हणाले. "आधी खिडकी धरली, मग तिच्याभोवती घर बांधलं. आम्ही आयुष्यभर उरलेल्या जागेत बसलो जी. कोणी दिली त्यात."

परतल्यावर रविवारी त्यांनी मला चहाला बोलावलं. मला वाटलं सहलीचा हिशेब विचारतील. कप खाली ठेवून ते मुलाला म्हणाले, "ईशान, गॅरेजचा कोपरा मी देत नाही."

ईशान म्हणाला, "बाबा, नवी गाडी आहे. एक हेलस्टॉर्म आला तर टोटल होईल, थेट भंगारात."

"होऊ दे. पोचे मी रंगवून देतो."

"ती कार आहे बाबा, ट्रक नाही!"

"मग मागे काही लिहीत नाही, बस?"

आश्लेषा आधी हसली, मग म्हणाली, "गाडी माझी आहे ना? राहू दे बाहेर. बाबांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचं गॅरेज उघडं दिसलं. आमच्या रस्त्याच्या दक्षिणेकडच्या घरांची गॅरेजं उत्तरेला उघडतात. शेजाऱ्यांना पसारा दिसू नये म्हणून भाऊ इतकी वर्षं ते दार ओढून ट्यूबलाईटखाली बसले होते. आता स्टूल मध्यभागी होतं. ते हात पुढे धरून सावली बघत होते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गारा पडल्या. गाडीच्या टपावर मी चौदा पोचे मोजले. ईशान दोन दिवस गॅरेजकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कोपऱ्यात एक जुनं कपाट आणून ठेवलं, ब्रशांसाठी.

जूनमध्ये मी भाऊंना आमच्या दारासाठी मराठीत आडनावाची पाटी करायला सांगितली. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर मी जास्त करून घरीच असणार, तेव्हा दारावर नाव असावं. त्यांनी पंचेचाळीस डॉलर सांगितले. मी सगळे देऊ लागलो तर चाळीसच घेतले. पाटी निळ्यावर पांढरी, देखणी झाली आहे. बाहेर काही टांगायला आमच्या वसाहतीच्या समितीची परवानगी लागते. अर्ज दिला आहे, उत्तर आलेलं नाही. पाटी सध्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी आहे. भाऊंचे पाच डॉलर द्यायचे बाकी आहेत.