यंत्रमाणूस गप्प का राहिला

रेडिओ माझा होता, माझ्या दुकानात होता आणि त्याचं लायसनही माझ्या नावावर होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात ही गोष्ट सगळेच विसरले.

साठ सालानंतरचे दिवस. अमरावतीत माझं दोर, वेसणी आणि घुंगरमाळांचं दुकान होतं, पण खरी कमाई बैलांच्या दलालीची. बापाकडून काही मिळालं नव्हतं. जे उभं केलं ते बोटांवर. बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघं दुपट्ट्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा कळवतात. वर गप्पा चालतात पाण्यापावसाच्या. चेहऱ्यावर काही उमटलं की सौदा बिघडला. दर्यापूरकडचा एक दलाल माझा जोडीदार होता. कितीतरी बाजार आम्ही मिळून केले, तो विकणाऱ्याकडून आणि मी घेणाऱ्याकडून. त्याची करंगळी जरा वाकडी होती. शंभर हातांतून मी तो हात ओळखला असता.

त्या हिवाळ्यात रेडिओवर आठवड्यातून एकदा एक श्रुतिका लागायची. एक शास्त्रज्ञ आपल्या लहान मुलीला आणि एका यंत्रमाणसाला घेऊन अग्निबाणातून दुसऱ्या ग्रहावर जातो, अशी गोष्ट. ऐकायला माझ्या दुकानात शेजारचा शिंपी यायचा, शाळेत शास्त्र शिकवणारे गुरुजी यायचे आणि अमरावतीत असला तर जोडीदारही. दोरांच्या गड्ड्यांवर बसून ते ऐकायचे. चहा माझा.

शेवटच्या भागात परतीचं इंधन कमी पडलं. वजन कमी करायचं म्हणून यंत्रमाणसाला तिथेच ठेवायचं ठरलं. मुलगी रडत त्याला विचारते, “तुला वाईट वाटतं का?” यंत्रमाणूस काहीच बोलत नाही. बराच वेळ नुसती रेडिओची खरखर. मग अग्निबाण उडाल्याचा आवाज, आणि श्रुतिका संपली.

शिंप्याने गळ्यातल्या टेपनेच डोळे पुसले. “रडला बिचारा.”

“कोण रडला? तो तं लोखंडाचा,” मी म्हणालो.

“मंग बोलला कावून नाई?”

गुरुजी म्हणाले, “शास्त्राप्रमाणं यंत्राले भावना नसते. पण आजवर त्यानं एकाही प्रश्नाचं उत्तर चुकवलं नाई. मंग याच प्रश्नाले गप्प कावून बसला?”

“गुरुजी, अर्धे इकडं अन् अर्धे तिकडं नका बसू. तो रडला का नाई?” शिंप्याने विचारलं.

“तेच तं समजून नाई राहिलं,” गुरुजी म्हणाले.

मला मात्र समजलं होतं. “अहो, जो गप्प राहते तो रडत नाई, भाव पाहत असते. पोरगी रडून राहिली, बाप घाबरून राहिला. आणखी जरा दम धरला असता तं त्यायनं बाकीचं सामान फेकून यालेच नेलं असतं. घाई पोरीच्या बापानं केली.”

जोडीदार हसला. “लेका, तू मयतीतबी भाव करशीन!”

शिंपी हसला, गुरुजीही हसले. एवढं मी चालवून घेतलं असतं. पण जोडीदार पुढे त्यांच्याकडे वळून बोलला, “याले काळीजच नाई. मी धरतो ना याचा हात दुपट्ट्याखाली. नुसते आकडे लागतात.”

माझं डोकं फिरलं. उठून रेडिओचं बटण बंद केलं. “उठा सगळे. दुकान माहं आहे, रेडिओ माहा आहे.”

“बटन बंद केलं मंजे उत्तर झालं काय गा?” जाता जाता तो म्हणाला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमी गप्प बसता तवा तुमच्या पोटात काय असते, मले तरी कुठं समजते?” हिने कोणाची बाजू घेतली, हेही मला कळेना.

तेव्हापासून जोडीदार दुकानात आला नाही. मीही निरोप धाडला नाही. बोलला तो, यायचं त्याने.

पुढे अकोल्याच्या बैलबाजारात तो दिसला. स्वतःची जोडी विकायला आणली होती. वलगावच्या एका शेतकऱ्यासाठी मी जोडीच शोधत होतो, आणि त्याच्या बैलांइतकी चांगली जोडी बाजारात नव्हती. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने दुपट्टा पसरला, मी आत हात घातला आणि पहिला आकडा दाबला. पहिला आकडा खालचा असतो, तो कोणी खरा धरत नाही. आता त्याने वरचा दाबायचा.

त्याने काहीच दाबलं नाही. माझ्या मुठीवर नुसता तळहात ठेवला आणि बैलांकडे पाहत राहिला. आमच्या धंद्यात अशी खूण नाही. मला वाटलं, दम धरतोय, मला चढवतोय. मी थोडा वर गेलो. हात तसाच. रागारागाने आणखी वर गेलो.

मग त्याने हात काढून घेतला, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाला, “तुहा पयला आकडाच खरा. घेऊन जाय.” कासरा माझ्या हातात दिला आणि निघून गेला. वलगावचा माणूस खूश झाला. एवढी स्वस्त जोडी त्याला जन्मात मिळाली नसती. मला मात्र तोंडावर फेकून मारल्यासारखं वाटलं. त्यानंतर त्याने अकोल्याचाच दुसरा जोडीदार धरला.

समेट करायचा होता, तर तोंड होतं ना त्याला? माझ्या दुकानात चारचौघांपुढे चाललं तेच तोंड. आणि जिंकायचं होतं, तर पहिल्या आकड्याला जोडी का दिली? मी आजही दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि दोन्हीकडून अडतो.

अमरावतीला परतल्यावर बाजारात काय झालं ते शिंपी विचारायला आला. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

“मंग तळहात ठेवला तवा काय बोलला तो?”

“काईच नाई.”

शिंप्याने गळ्यातला टेप बोटांना गुंडाळला. “रडला असन बिचारा.”

“जाय, तू कपडे शिव,” मी ओरडलो आणि रेडिओ लावला. कापसाचे भाव सांगत होते. एकही आकडा ध्यानात राहिला नाही.