फिलग्यूने चढवलेले पत्रे

हाकदोंग गावातल्या बावीस घरांवर सिमेंटचे पत्रे चढले ते फिलग्यूच्या हातून. पन्नास वर्षांपूर्वी सरकारने गवताची छपरं काढायला लावली, तेव्हा शिडीवर न डगमगता चढणारा गावात तोच एक होता. आता सरकारच सांगत होतं की पत्र्यांत अॅस्बेस्टॉस आहे, त्याची धूळ छातीत जाते, उतरवून टाका. एकवीस घरांनी उतरवले. फिलग्यू दोन वर्षं ढिम्म हलला नाही. शेवटी त्याच्या बायकोने, माकरेने, परस्पर अर्ज भरला.

पत्रे उतरवणारं पथक यायच्या दिवशी त्याला वाटलं, शहरातल्या पोरांना छप्पर काय कळतं! सकाळीच हातोडा घेऊन तो चढला आणि दोन पत्रे फोडून मोकळा झाला. पथक पोचलं तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या.

"आजोबा, आहात तिथेच थांबा! अंग झटकू नका!" मुकादम बांगबाई फाटकातूनच ओरडली.

"अगं, तुमचंच काम हलकं करतोय."

"वाढवलंत! पत्रा भिजवून, स्क्रू काढून, अख्खा उतरवायचा असतो."

मग पत्र्यांआधी फिलग्यूच भिजला. त्याचे कपडे, लाडक्या लोकरी बंडीसकट, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद झाले. अंगावर आला पथकाचा जादा पांढरा पोशाख, पायाशी चार घड्या घातलेला.

"अहो, लग्नातही इतके गोरे दिसला नव्हतात," माकरे शेजारच्या कुंपणापलीकडून म्हणाली.

"पत्र्याचे आणखी तुकडे कुठे आहेत?" बांगबाईने विचारलं.

"कुठेच नाहीत."

"खुराड्यावर काय आहे मग?" माकरे पुन्हा बोलली. "आणि डुकराचं मांस भाजायचा तो पत्रा?"

"त्यावर भाजून खायचात?"

"सगळा गाव खायचा!" फिलग्यू म्हणाला. " चरबी कशी पन्हळीतून निथळून जायची."

बांगबाईने कपाळाला हात लावला. "माझे बाबाही खायचे," ती हळूच म्हणाली.

फिलग्यूने फुटलेल्या पत्र्याकडे पाहिलं. "पत्रे कापायला माझ्याबरोबर खालच्या आळीतला सकचू असायचा. खोकून खोकून गेला. यानेच का गं?"

"ते मला नाही सांगता यायचं, आजोबा. तुम्ही मात्र छाती तपासून घ्या."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "छपरं उतरली, पण उरलेले तुकडे कुठे कुठे आहेत ते एकट्या मला ठाऊक आहे."

पुढच्या आठवड्यात तो पथकाला गावभर घेऊन फिरला. ओढ्याचा बांध, लसणाची कोठी, आंबवलेल्या कोबीच्या, किमचीच्या रांजणांखालची फरशी. दहा पावलांवर उभं राहून काठीने जागा दाखवायची, एवढीच त्याला परवानगी होती. तरी "वरच्या कोपऱ्याला आधार द्या, तिथे तडकतो" असं सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. सकचूच्या परसात मात्र त्याने नुसती काठी टेकवली.

तपासणीत त्याच्या छातीत एक जुना डाग निघाला. डॉक्टरांनी दर वर्षी यायला सांगितलं आहे. फिलग्यू कुरकुरतो, आणि माकरे हाताला धरून त्याला बसमध्ये चढवते.