सुमनमावशींची चौकशी

"काय गं, पाळी आली का?" सुमनमावशी हे भर जिन्यात विचारायच्या, आणि तेही भाजीवाल्याला भाव विचारावा तशा आवाजात. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या आमच्या समोरच राहायच्या. मी पंधरा वर्षांची. धरणीने पोटात घ्यावं असं व्हायचं.

माझ्या शरीरात पाळीची वाट जन्मतःच पडद्याने बंद होती. रक्त आत साठून पोट दुखायचं. ऑपरेशन करून ती वाट मोकळी केली. कॉलनीत आईने 'अपेंडिक्स' म्हणून सांगितलं. खरं ठाऊक होतं ते फक्त मावशींना, कारण इस्पितळात सोबतीला त्याच होत्या. डॉक्टरीणबाईंनी आईला आणि मावशींना बजावलं होतं, "महीना चूक जाए तो इंतज़ार मत कीजिए, तुरंत लाइए."

पहिल्या पाळ्या नीट आल्या. पुढची ऐन गौरींच्या तोंडावर यायची, ती आलीच नाही. आई खूश झाली. आमच्या बायका गौरींसाठी गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलतात. इथे देवीनेच सांभाळून घेतलं, असं तिला वाटलं. मीही कळा सोसत हार ओवत बसले.

गौरी जेवणाच्या सकाळी मावशी मदतीला आल्या. मला वाकलेली पाहून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी नकारार्थी मान हलवली. त्या आईकडे वळल्या.

"शैला, गॅस बंद कर. हिला घेऊन नीघ."

"सुमनताई, आज? सवाष्णी जेवायला येतायत."

"येऊ देत, मी वाढते. गौरी माहेरवाशीण आहे, ती समजून घेईल. पोरीचं पोट नाही समजून घेणार. चलो, ऑटो बघ."

जखम भरताना वाट आक्रसून पुन्हा बंद झाली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी भूल देऊन ती मोकळी केली. "अच्छा हुआ, देर नहीं की," त्या म्हणाल्या आणि आई तिथल्या स्टुलावर बसून रडली. घरी मावशींनी सवाष्णींना वाढता वाढता सगळं खरं सांगून टाकलं होतं. त्यावरून आई बरेच दिवस धुमसत होती.

मावशी जाऊनही आता वर्षं झाली. पण त्यांची आठवण आली की मला त्याच वर्षीच्या घटस्थापनेची सकाळ दिसते. पाळी आली, सहज, न दुखता. इतकं सुटल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातच थांबून मी सांगितलं. मावशी आत फुलं निवडत होत्या.

"घ्या. म्हणजे देवी आली की घरी," म्हणत त्यांनी आईकडे पाहिलं.

पाळीत देवघराकडे फिरकूही न देणारी माझी आई. तिने तेलाची बुधली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "नंदादीप तू लाव."