सेहेचाळीस दिवस

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नीलाला — माझ्या बायकोला — नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या मालतीअक्कांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर विषय काढला की मी भलतंच काहीतरी बोलून मोकळा होतो. तशी सवयच आहे मला.

गोष्ट साखरेची आहे. हसलात तरी चालेल, सुरुवातीला मीही हसलोच होतो. तीन वर्षांपूर्वी, निवृत्त होऊन सहा महिने झाले असतील नसतील, तपासणीत मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं. मी मूळचा सांगलीचा, बेंगळुरूत आयुष्य गेलं ते एका सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात. तयार झालेला प्रत्येक नग मोजायचा, मापात नसेल तर त्यावर लाल रंगाचा फराटा मारून बाजूला ठेवायचा, हे माझं काम. माझ्या त्या लाल रंगाच्या डब्याला लोक वचकून असत, आणि मला — खरं सांगतो — ते आवडायचं. मापात न बसणाऱ्या माणसांविषयीही माझं मत फारसं चांगलं नव्हतं.

मुलगी महादेवपुऱ्यात राहते, कंप्युटरवाली आहे. तिने मला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं. बेंगळुरूतली मराठी माणसं, पन्नास-साठ जण, सगळ्यांनी साखर सोडलेली किंवा सोडायच्या प्रयत्नात असलेली. ग्रुपची रीत साधी होती. रोज सकाळी नऊच्या आत आपला आकडा टाकायचा — किती दिवस पूर्ण झाले तो. आदल्या दिवशी गोड खाल्लं असेल तर ‘शून्य’ लिहायचं आणि पुन्हा एकपासून सुरू. शून्य लिहिलं तर कोणी कारण विचारायचं नाही. फक्त एक हिरवं पान पाठवायचं. बस. कोण तपासणार? कोणीच नाही. माझ्यासारख्या माणसाला ते जरा बावळटपणाचंच वाटलं.

पण मी नेटाने केलं. पहिले सेहेचाळीस दिवस मी खरोखर पाळले, हे तरी माझ्या पदरात टाका. नीलाने घरातला साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला आणि स्वतःचा चहाही बिनसाखरेचा केला. तिला गोड चहा जिवापाड प्रिय. मला एकट्याला बिनसाखरेचा प्यायला लावून आपण गोड प्यायचा हे तिला बरं दिसेना.

मी जयनगरला राहतो. सकाळी बागेत पाच फेऱ्या मारायच्या आणि कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात उभ्याउभ्या कॉफी घ्यायची, हा जुना नेम. आमच्याकडे अशा ठिकाणी कॉफीत साखर आधीच घातलेली असते. नको असेल तर ‘विदाउट’ म्हणायचं, सगळे तसंच म्हणतात. मी रोज ‘एक विदाउट’ म्हणायचो. त्या दिवशी, सकाळी ‘४६’ टाकून आलेलो असताना, गर्दी होती आणि कॉफीवाल्या गौडाने चुकून साखरेची माझ्यापुढे सरकवली.

पहिल्या घोटालाच कळलं. पेला खाली ठेवायला किती वेळ लागतो? मी तो खाली ठेवला नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो, अगदी तळाशी राहिलेला फेससुद्धा. गौडाच्या लक्षात आलं तेव्हा तो बिचारा ओशाळून म्हणाला, सर, तुमचं विदाउट इकडेच राहिलं. मी म्हटलं, असू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा टाकायची वेळ आली. शून्य लिहायला हवं होतं. मी मनात वाद घातला — चूक गौडाची, माझी कुठे? नग माझ्या हातून बिघडलेला नाही. आणि ‘४७’ लिहिलं. मग फिरायला गेलो, काउंटरपाशी उभा राहिलो आणि ‘विदाउट’ हा शब्द काही तोंडातून निघेना. म्हटलं, ‘एक कॉफी.’ गौडाने एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘सक्करे, सर?’ ‘स्वल्प हाकी,’ मी म्हटलं. थोडी घाल.

ती थोडी मग रोजचीच झाली. घरी एक कण नाही, लग्नात एक घास नाही, सणाला पुरणपोळीकडे बघायचं नाही — आणि सकाळी कोपऱ्यावर एक गोड कॉफी. नऊच्या आत आकडा. एकावन्न. साठ. नव्वद. तुम्ही म्हणाल, एका कॉफीचं एवढं काय? मीही स्वतःला तेच म्हणायचो. पण ती एक कॉफीच असती तर मी हे लिहायला बसलो असतो का?

शंभराव्या दिवशी ग्रुपमध्ये कौतुकाचा पाऊस पडला. एकदाही शून्य न लिहिता शंभरी गाठणारा मी एकटाच होतो. मी लांबलचक संदेश लिहिला — बडीशेप चावा, दालचिनीचा वास घ्या, संध्याकाळी देवळाच्या वाटेने जा, मिठाईच्या दुकानावरून जाऊ नका. अगदी नाकाने कांदे सोलले. लोकांनी तो संदेश जपून ठेवला. आणि ग्रुपच्या रीतीप्रमाणे एक नवीन माणूस माझ्याशी जोडून देण्यात आलं. त्या मालतीअक्का.

अक्का निपाणीकडच्या. नवरा रेल्वेत होता, तो गेला; त्या के. आर. पुरमला स्टेशनजवळ मुलाकडे राहतात. वयाने माझ्याएवढ्याच, पण मला ‘अण्णा’ म्हणतात. जोडीची रीत अशी, की दुपारी चार वाजता फोन करायचा. चहाची वेळ, गोडाची ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त. पंधरा मिनिटं बोलत राहायचं, तेवढ्यात ती ओढ ओसरते. अक्का चारच्या ठोक्याला फोन करत. नातवाबद्दल बोलत, कन्नड मालिकांबद्दल बोलत, आणि काही खाल्लं असेल तर लगेच सांगून टाकत. कोणी न विचारता. ग्रुपवरही त्यांच्या शून्यापुढे कारण असायचंच — ‘शून्य. नातवाचा वाढदिवस.’ ‘शून्य. शेजारणीनं होळिगे आणून दिली, नको कसं म्हणू.’ होळिगे म्हणजे इकडची पुरणपोळी. कारण लिहायचं नसतं, असं मी त्यांना दोनदा बजावलं. आता वाटतं, मला ते वाचवत नव्हतं.

त्यांचे आकडे कधी अकराच्या पुढे गेले नाहीत. अकरा, शून्य. सात, शून्य. मी त्यांना कसं बोलायचो, ते सांगायला हवं. रागावत नव्हतो. मी समजावत असे. कारखान्यात नवीन कामगाराला समजवायचो तसं, गोड आवाजात, पाठीमागे लाल डबा ठेवून. निश्चय म्हणजे काय ते सांगायचो. सकाळची कॉफी पोटात असायची आणि दुपारी चारला मी निश्चयावर बोलत असायचो. लाज वाटत नव्हती का? वाटायची. पण अक्का म्हणायच्या, ‘तुमच्याशी बोललं की धीर येतो बघा अण्णा.’ आणि ती लाज कुठल्या कुठे जायची. कोणीतरी आपल्याकडे असं मान वर करून पाहावं, याची मला भूक होती. साखरेपेक्षा जास्तच असेल.

दरम्यान माझी शुगर उतरत नव्हती. डॉक्टरांनी गोळी वाढवली. नीला म्हणायची, एवढं पाळूनसुद्धा कशी उतरत नाही हो? मी सांगायचो, आमच्या घराण्यातच आहे. ती मान डोलवायची आणि आपला बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता प्यायची.

मग अक्कांच्या पायाला जखम झाली. चप्पल चावल्याचं निमित्त. भरेना. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, तीन महिने साखर काबूत आणा, नाहीतर अंगठा वाचेल असं नाही. हे त्यांनी मला चारच्या फोनवर सांगितलं. त्या दिवशी त्यांनी पुन्हा शून्य लिहिलं होतं. मागे स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती, आधी कन्नड, मग हिंदी. मग त्यांनी विचारलं.

‘अण्णा, खरं सांगा. तुमचं एकदासुद्धा चुकलं न्हाई?’

त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. इतकं स्वच्छ कळत होतं. त्यांना उपदेश नको होता. आपल्यासारखंच चुकणारं एक माणूस हवं होतं, जे चुकूनही दुसऱ्या दिवशी उभं राहतं. आणि ते माणूस फोनच्या या टोकाला बसलेलं होतं. ‘चुकलं अक्का, रोज चुकतं’ — एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द.

मी म्हटलं, ‘नाही अक्का. एकदाही नाही. मनावर घेतलं की होतं.’

शेवटचं वाक्य तर कोणी मागितलंही नव्हतं.

‘सरी, अण्णा,’ त्या म्हणाल्या. बरं. त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा आकडा आला नाही, एक ओळ आली — माझ्याच्यानं होत नाही, सगळ्यांना नमस्कार. आणि त्या बाहेर पडल्या. चार वाजता माझा फोन वाजला नाही. मी करायला हवा होता ना? मी केला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. तुम्हाला सगळंच सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगतो — मला सुटल्यासारखं वाटलं.

दहा महिन्यांनी अक्का ग्रुपवर परत आल्या. डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला होता. त्यांनी ते एका ओळीत लिहिलं, त्याखाली ‘१’ लिहिलं आणि पुढे — आता अण्णांसारखं करायचं. चारचा फोन पुन्हा सुरू झाला. मी त्या दिवशी खोटं बोललो नसतो तर अंगठा वाचला असता का? डॉक्टर असं काही म्हणणार नाहीत. मी तपासणी विभागातला माणूस, दोष कुठल्या टप्प्यावर शिरला ते शोधणं माझं काम. मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात माझे हजार दिवस झाले. म्हणजे आकडा हजार झाला. ग्रुपमधल्या एकांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, इथे जयनगरलाच, छोटा कार्यक्रम ठेवला. खजूर घातलेले नाचणीचे लाडू होते, शाल होती, नारळ होता. अक्का काठी टेकत, मॅजेस्टिकला मेट्रो बदलून एवढ्या लांब आल्या. शाल त्यांच्याच हातून द्यायची असं ठरलं होतं. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मी किती वेळा पडले ते तुम्हाला माहीत हाय. अण्णांकडं बघितलं की कळतं, खोट आपल्यातच हाय.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीलाही वाजवत होती. मी शाल घेतली. अंगावरही घेतली, फोटो आहे.

त्यानंतर रोज सकाळी आकडा लिहून मी पुसायचो आणि पुन्हा लिहायचो. काल मी शेवटी लिहिलं — ‘शून्य’. तीन वर्षांत पहिल्यांदा. वाटलं, सुटलो, खरं बोललो. पंधरा मिनिटांत चाळीसेक हिरवी पानं आली. मागोमाग संदेश आले, हजारात एकदा चुकलं म्हणून काय झालं, तुम्हीच आमचा आदर्श. आणि चारच्या ठोक्याला अक्कांचा फोन. या वेळी धीर द्यायला त्या होत्या. म्हणाल्या, ‘अण्णा, मनाला लावून घेऊ नका. मी बघा किती वेळा पडले. तुमचं तर एकदाच.’ त्यांचा आवाज भरून आला होता. माझ्यासाठी. मी काय म्हटलं असेल? ‘हो अक्का,’ म्हटलं.

म्हणजे ते शून्यही खोटंच निघालं. परवापर्यंत सगळं खरं होतं, असंच ते सांगत होतं.

आज सकाळी मी आकडा टाकलेला नाही. फिरायला गेलो, काउंटरपाशी ‘विदाउट’ म्हटलं. गौडाने दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्याचं मी काही भांडवल करत नाही, एक कॉफी ती. जेवणानंतर हे लिहायला बसलो. आता चारला पाच मिनिटं आहेत. नीला आत तिचा चहा करतेय, तिलाही आजच सांगणार आहे, पण आधी फोन. आज अक्कांच्या आधी मी लावणार. त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही, आणि त्यांनी काही म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही. मला जे म्हणायचंय ते मी इथे आधी लिहून ठेवतो, म्हणजे तोंड उघडल्यावर भलतं काही निघायला नको.

अक्का, माझे दिवस सेहेचाळीस. हजार नव्हेत. तुम्ही विचारलंत त्या दिवशीही सेहेचाळीसच होते.