थोरल्याच्या दाराला धाकट्याची कडी

धाकट्याने कडी शोधून काढली हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा फोटो अजून आमच्या कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर लटकतोय. हातात कडी, चेहऱ्यावर पासपोर्टच्या फोटोत असतो तसला भाव. त्या कडीने पुढे काय केलं हे मात्र भिंतीवर लिहिलेलं नाही. ते मला माहीत आहे, कारण मी त्याच्या समोरच्या घरात राहतो, आणि जो काही घोटाळा झाला त्यात माझा वाटा चांगला भरघोस आहे.

मी तपासणी खात्यातला कारकून. तक्ते आखणं हे माझं काम. आमच्याकडे माणसं नेणाऱ्या लहान लाँचेस बनतात. लाँचला एखादा खिळा कमी पडला तर कोणी विचारत नाही, पण तक्त्यात रकाना कमी पडला तर मोठ्या साहेबांचा रक्तदाब वाढतो. खरं सांगायचं तर तेव्हा माझाही वाढायचा.

धाकटा वर ड्रॉइंग ऑफिसात असायचा. त्याचा भाऊ, म्हणजे थोरला, खाली शेडमध्ये केबिनची दारं आणि डेकवरच्या झडपा बसवायचा. वडील लवकर गेले तेव्हा थोरल्याने शाळा सोडून रंधा हातात घेतला आणि धाकट्याला शिकवलं. धाकटा शिकला, नकाशे काढायला लागला, कानामागे पेन्सिल खोचायला लागला, त्या कानावरचे केसही पिकले. पण एक गोष्ट काही त्याला मिळाली नाही. थोरल्याने त्याला कधी 'चांगलं केलंस' म्हटलं नव्हतं. कौतुकाच्या बाबतीत हा माणूस महाकंजूष. धाकटा परीक्षेत पहिला आला तेव्हा तो 'असू दे' म्हणाला. धाकट्याला मुलगी झाली तेव्हाही 'असू दे' म्हणाला आणि मुकाट्याने पाळणा करून दिला. तो पाळणा हलताना जराही कुरकुरायचा नाही. कौतुक काय असेल ते त्यात शोधून घ्यायचं.

थोरल्याची काम करायची एक पद्धत होती. तो माझ्याकडे येऊन जुने तक्ते मागून न्यायचा आणि त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायचा. दार टांगलं की दार आणि चौकट यांच्यामध्ये पट्टी धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढून बघायची. चारही कोपऱ्यांत ती सारख्याच जोराने ओढली गेली पाहिजे. एका कोपऱ्यात सैल निघाली की बिजागरीचे स्क्रू काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका दाराला अर्धा दिवस जायचा. धाकट्याच्या घरातली दारंही त्यानेच बसवलेली, आणि तिथे राहणारी त्यांची आई आल्यागेल्याला एका बोटाने दार लावून दाखवायची. पाहुणा आधी पाणी मागो की आईची तब्येत विचारो, पहिला कार्यक्रम तो.

बाकीचे मिस्त्री एवढ्या भानगडीत पडत नसत. त्यांच्यात एक घाईमिस्त्री होता, तो दिवसाला पाच दारं टांगायचा. दार चौकटीला कुठेतरी टेकलं की त्याच्या लेखी बसलं. मग कडी लागेना म्हणून ती कानशीने घासायची, नाहीतर मागे वायसर भरायचे. दाराच्या कडेचं रबर एका बाजूला दबायचं आणि दुसऱ्या बाजूला वारा खात राहायचं. शेवटी एका लाँचमधले डाव्या बाजूचे सगळे प्रवासी कमरेपर्यंत भिजून उतरले, उजव्या बाजूचे कोरडे, आणि दोन बाजूंत धक्क्यावर जे काही जुंपलं त्याची तक्रार थेट साहेबांच्या टेबलावर आली.

साहेबांनी धाकट्याला बोलावून सांगितलं की कुठल्याही दाराला बसेल अशी कडी काढ. दारं सरळ बसवा असं मिस्त्रींना सांगावं, हे त्या खोलीत कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी बैठकीची मिनिटं लिहीत होतो.

धाकट्याने दोन महिने शेडमध्ये काढले. प्रत्येक दाराची फट मोजली. पहिली कडी त्याने लांबट भोकातून पुढेमागे सरकणारी केली, ती इंजिनच्या थरथरीने आपोआप सरकायला लागली. दुसरीत स्प्रिंग घातली. ती इतकी जोरकस झाली की तपासणीला आत गेलेले साहेब पाऊण तास केबिनमध्ये अडकले आणि बाहेर आल्यावर 'सुधारणेला वाव आहे' एवढंच म्हणाले. तिसरी मात्र जमली. मूठ फिरवली की हुकासारखा आकडा चौकटीवरची लोखंडी पट्टी पकडतो आणि दार आत ओढून रबरावर दाबतो. आकड्याच्या दांड्याला आटे पाडलेले. एक आटा फिरवला की आकडा एक मिलिमीटर आत येतो किंवा बाहेर जातो, मग मागचा नट आवळून टाकायचा. सहा मिलिमीटरपर्यंत दार कितीही वाकडं असो, कडी ते सांभाळून घ्यायची. दिसायला अंगठ्याएवढी, पण काम चोख. तिच्याकडे बघून मला, कारकुनालासुद्धा, बरं वाटलं होतं.

धाकटा ती साहेबांच्या आधी थोरल्याकडे घेऊन गेला. मी पट्ट्यांसाठी कागद द्यायला तिथेच होतो. थोरल्याने मूठ चारदा फिरवली, आट्यांवरून नख फिरवलं.

"असू दे," तो म्हणाला. मग कडी परत देत म्हणाला, "पण माझ्या दाराला काय काम तिचं?"

धाकट्याचा चेहरा एवढासा झाला. पन्नाशीचा माणूस, पण त्या क्षणी त्याच्या अंगावर शाळेचे कपडे असल्यासारखं वाटलं.

इथून पुढे माझी कामगिरी सुरू होते. ऑफिसने कडीचं नाव 'समायोजनक्षम बंदिस्तीकरण यंत्रणा' ठेवलं आणि तिचा वापर कसा चाललाय हे दर महिन्याला कळावं म्हणून साहेबांनी मला तक्ता आखायला सांगितला. मी आखला. मिस्त्रीचं नाव, दार क्रमांक, फिरवलेले आटे, शेरा. सुबक तक्ता होता. महिनाअखेर घाईमिस्त्रीच्या ओळीत पाच, सहा, सहा, चार असे आकडे. थोरल्याच्या ओळीत शून्य, शून्य, शून्य.

साहेबांनी तक्ता बघितला आणि घाईमिस्त्रीला 'उत्कृष्ट समायोजन' असं प्रमाणपत्र दिलं. नव्या यंत्रणेचा सर्वांत जास्त वापर त्याने केला होता ना. घाईमिस्त्रीला आपण काय केलं ते कळलं नाही, पण जे केलं ते आणखी जोमात करायचं एवढं कळलं. तीन महिन्यांत बाकीच्यांनीही त्याचा कित्ता गिरवला. पूर्वी दोन मिलिमीटर वाकडी असणारी दारं आता सहा मिलिमीटर वाकडी टांगली जायला लागली, कारण कडी आहेच. मग सहा पुरेनात. धाकट्याला बारा मिलिमीटरची कडी काढायचा हुकूम आला.

आणि थोरल्याच्या शून्यावर साहेबांचा लाल गोल पडला. शेजारी 'नव्या तंत्राला विरोध?' असा शेरा.

धाकटा साहेबांकडे धावत गेला. मी तक्त्याची फाइल घेऊन तिथे उभाच होतो. त्याने समजावून सांगितलं की शून्य म्हणजे दार सरळ आहे, शून्य हाच सगळ्यांत चांगला आकडा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी बारा मिलिमीटरच्या कडीचा नकाशा टेबलावर पसरला. खालच्या कोपऱ्यात 'रचनाकार' अशी चौकट होती आणि तिच्यात धाकट्याचं नाव टाइप केलेलं होतं.

"म्हणजे दार सरळ बसवलं तर तुमच्या कडीची गरजच नाही, असं तुम्ही म्हणताय?" साहेबांनी विचारलं.

इथे धाकट्याने 'हो' म्हणायला हवं होतं. त्याने नकाशाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव कुठल्यातरी चौकटीत बसलं होतं.

"नाही," तो म्हणाला, "गरज आहेच."

मला त्याचा राग आला. पण तक्ता माझ्याच हातात होता, त्यामुळे तो राग मी फाइलीत घालून ठेवला.

ठरलं असं की पुढच्या महिन्यातही शून्य आलं तर थोरल्याला दारांवरून काढून खोक्यांच्या शेडमध्ये पाठवायचं. पॅकिंगच्या फळ्यांना खिळे मारायला. चाळीस वर्षं कागदाच्या पट्टीने दार लावणाऱ्या माणसाने खोकी ठोकायची. हे सांगायला आम्ही दोघं खाली गेलो. धाकटा माझ्या मागेच उभा राहिला, म्हणून मीच सांगितलं, आणि उपायही सुचवला. आकडा मी लिहिणार, तक्ता माझा. मी तीन लिहीन, तू दार आहे तसं सरळ ठेव. कोण बघायला येतंय?

थोरल्याने हातातली पट्टी घडी घालून खिशात ठेवली.

"खोटं नाही लिहायचं," तो म्हणाला. "तीन लिहायचं असेल तर दार तीनचं पाहिजे."

मी त्याला पुष्कळ समजावलं. धाकट्याने त्याचा हात धरला. पण या माणसाला खोटा आकडा चालेना, आणि खोक्यांच्या शेडमध्ये जायचीही इच्छा नव्हती. मग त्याने त्याच्या सरळ डोक्याने सरळ मार्ग काढला. त्याने वाकडी दारं टांगायला सुरुवात केली.

तीही कशी, तर मोजून. खालच्या बिजागरीमागे तीन मिलिमीटरची पातळ फळी ठेवून. ना अडीच, ना साडेतीन. प्रत्येक दार त्याच कोपऱ्यात, तेवढंच. इतरांची दारं वाटेल तशी वाकडी, याची शिस्तीत वाकडी. माझ्या तक्त्यात तीन, तीन, तीन अशी रांग लागली आणि साहेब खूश झाले. त्यांनी शेऱ्यात 'उल्लेखनीय सातत्य' लिहिलं. काही महिन्यांनी फळीचीही गरज उरली नाही, हातालाच तीनचा अंदाज आला. दाराला आता अर्धा दिवस लागत नव्हता, तास पुरायचा. माझ्याकडे जुने तक्ते मागायला येणं बंद झालं. कपाटात कागदाचा गठ्ठा वाढत गेला. मी आपला तो दर शनिवारी झटकून ठेवायचो, म्हणजे उद्या मागितला तर असावा.

असं वर्ष गेलं. मग धाकट्याच्या घरी न्हाणीघराचं दार फुगलं आणि आई आत अडकली. तासाभराने धाकट्याने फळी फोडून तिला बाहेर काढलं. म्हातारी घाबरली नव्हती, पण रागावली होती. तिने जाहीर केलं की नवं दार थोरलाच बसवेल आणि ते एका बोटाने लागलं पाहिजे, कारण तिच्या हातात आता एका बोटाचाच जोर उरलाय.

सुट्टीच्या दिवशी सकाळी थोरला आला. नवं दार, नव्या बिजागऱ्या. धाकट्याने कारखान्यातून एक कडी आणून ठेवली होती, लागली तर लागली म्हणून. मी माझ्या घरून एक जुना तक्ता घेऊन गेलो आणि त्याची पट्टी कापून तयार ठेवली. थोरल्याचं काम बघताना मला बरं वाटत होतं. स्क्रूड्रायव्हर तोच, बसण्याची ढब तीच. तासात दार टांगून झालं.

मी पट्टी पुढे केली. त्याने हातानेच नको म्हटलं.

आई पुढे आली. पदर खोचला, आमच्याकडे एकदा बघून घेतलं आणि बोट टेकवून दार ढकललं. दार गेलं, चौकटीला लागलं आणि खालच्या कोपऱ्यातून हळूच परत आलं. तिने पुन्हा ढकललं. पुन्हा परत आलं.

"हे कोणी बसवलं रे?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

धाकट्याने माझ्या हातातली पट्टी घेऊन खाली वाकून फटीला लावली. त्याला मोजायची गरज नव्हती आणि मलाही नव्हती. मी त्या आकड्याची वर्षभराची रांग लिहिली होती.

"थांब आई, कडी आहे ना," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात काही चुकल्याची खूणसुद्धा नव्हती. त्याने धाकट्याने आणलेली कडी उचलली, चार स्क्रूंनी बसवली, दांडा न मोजता बरोबर तीन आटे फिरवला, नट आवळला. मूठ फिरवली. दार आत ओढलं गेलं आणि घट्ट बसलं. आईला मूठ काही फिरवता येईना, दोन्ही हातांनीसुद्धा, पण ते त्याने बघितलं नाही. तो हत्यारं पिशवीत भरत होता. भरता भरता धाकट्याच्या पाठीवर त्याने थाप मारली.

"चांगली केलीस हं कडी," तो म्हणाला.

धाकटा पट्टी हातात धरून तसाच उकिडवा बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि थोरल्याला वाटलं ते कौतुकाने.

"तुझ्यासाठी नव्हती रे केली, दादा," धाकटा म्हणाला.

"असू दे," थोरला म्हणाला आणि हात धुवायला गेला.