मामंजींचा उपवास

माझ्या सासऱ्यांच्या पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शौचासाठी एक नवं तोंड करून दिलं होतं. खालच्या वाटेत गाठ झाली होती आणि ती काढताना ती वाटच कायमची बंद करावी लागली. ही स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सांगलीत तेव्हा असलं काही कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी विश्वास ठेवला नसता. खरं काय ते आम्हां तिघांनाच ठाऊक होतं: मामंजींना, माझ्या यजमानांना आणि मला. बाकी गावाला आम्ही सांगितलं की पोटातली गाठ काढली, आता बरं आहे.

ते तोंड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. रुपयाएवढं, लालभडक, ओलं, आणि मध्येच आपलं आपण हलायचं. मी एकवीस वर्षांची होते. फलटणच्या माहेराहून सांगलीला येऊन चार वर्षं झाली होती, पण सासऱ्यांसमोर मान वर करून कधी उभीसुद्धा राहिले नव्हते. आता त्यांच्या उघड्या पोटाकडे बघायचं होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. यजमानांनी दवाखान्यात एकदाच पट्टी सोडली, नाकाला रुमाल लावला आणि जे पळाले ते थेट स्टेशनवर सापडले. हळदीच्या अडतीत हमालांवर दिवसभर ओरडणारा हा माणूस, पण हातभर कापडाला भ्याला. मग राहिलं कोण? मी.

दवाखान्यातल्या सिस्टरबाई कराडकडच्या होत्या. दोन आठवडे त्यांनी मला शेजारी उभं करून सगळं शिकवलं. जुन्या धोतराच्या मऊ घड्या करायच्या. भोवतालची कातडी कोमट पाण्यानं टिपायची, घासायची नाही. वर जस्ताचं मलम, मग घडी, मग कमरेला नाडीचा पट्टा. त्या आल्या की मामंजी डोळे मिटून घ्यायचे, म्हणून जे सांगायचं ते त्या मलाच सांगायच्या.

"ही जखम न्हाई बरं का, बाई. ही आता त्यांची वाट हाय," त्या म्हणायच्या. "तुमी भिऊ नका."

शेवटी त्यांनी नळी दाखवली. एनिमाचं पांढरं भांडं खुंटीला टांगायचं, त्याच्या रबरी नळीला तेल लावायचं. रोज सकाळी ठरल्या वेळी ती नळी त्या तोंडातून चार बोटं आत सारायची आणि कोमट पाणी हळूहळू सोडायचं. थोड्या वेळानं सगळं एकदम धुऊन निघतं, मग दिवसभर घडी कोरडी राहते.

"ह्ये जन्मभर करायचं. रोज केलं तर माणूस चारचौघांत बसतोय, कामाला जातोय. फकस्त जोर लावायचा न्हाई. अडलं की थांबायचं," त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन बजावलं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की जोर लावला तर आत काहीतरी फाटतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते एकटीनं करायला घेतलं. नळी उकळली, तेल लावलं. मामंजी भिंतीकडे बघत पडले होते. नळी दोन बोटं गेली आणि ते कण्हले. मी झटकन ओढून काढली. टोकाला सुताएवढं रक्त होतं. दवाखान्यातही एकदा तसं आलं होतं, आणि सिस्टरबाई "एवढं चालतंय" म्हणून पुसून मोकळ्या झाल्या होत्या. पण इथं सिस्टरबाई नव्हत्या. वाटलं, मी ह्यांचं आतडं फाडलं, आता दिवस मावळायच्या आत हे जातात. दिवसभर घटकेघटकेला घडी उलगडून बघत होते. काही झालं नाही. तरी मी भांडं आणि नळी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. यजमानांना आणि मामंजींना सांगितलं, हे थोडेच दिवस करायचं असतं असं सिस्टरबाई म्हणाल्या होत्या. शिकवलं होतं मला एकटीला, त्यामुळे खोटं पकडणार कुणी नव्हतं.

त्याचा परिणाम काय व्हायचा तो झाला. धुणं नाही म्हटल्यावर ते तोंड केव्हाही वाहायचं. आवाज यायचा. कुणी भेटायला आलं आणि आवाज झाला की मामंजी मोठ्यानं खोकायचे, आणि मी आत भांडी आपटायची. हळूहळू त्यांनी माणसांत बसणंच सोडलं. पण सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांची बस्ती सुटली. आमच्याकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात. तीस वर्षं रोज सकाळी अंघोळ करून, ओलेत्यानं जाऊन अभिषेक करणारा माणूस. त्यांना नको कुणी म्हटलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं, अंगावर हे घेऊन देवापुढं जायचं नाही. बस्ती आमच्या घरासमोरच होती; घंटा वाजली की रस्त्याच्या अलीकडेच उभे राहून हात जोडायचे. खिडकीतून मला दिसायचं. वाईट वाटायचं, पण माळ्याकडे नजर गेली की मी पुन्हा चुलीकडे वळायची.

नऊ महिने असे गेले. भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. या दहा दिवसांत आमच्यात कुणी एक वेळ जेवतं, कुणी निव्वळ पाण्यावर राहतं. मामंजी म्हणाले, मी पाण्यावर राहणार. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टा सोडला तर घडी स्वच्छ. पोटात काही गेलं नव्हतं, तर बाहेर काय येणार? मामंजी घडीकडे बघत राहिले. मग उठले, अंघोळ केली, धोतर-दुपट्टा घेतला आणि बस्तीत गेले. परत आले तेव्हा डोळे लाल झाले होते.

"पायरी चढलो, पोरी," एवढंच म्हणाले.

मला फार आनंद झाला. त्यातला निम्मा माझा स्वतःचा होता, तेही सांगते. घड्या धुवायच्या नव्हत्या, वास नव्हता, भिऊन खोकणं नव्हतं. त्या दुपारी नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी निवांत आडवी झाले.

सहाव्या दिवशी त्यांचे पाय लटपटायला लागले. आठव्या दिवशी डोळे खोल गेले. गावाला मात्र उत्साह आला. बायका लेकरांना त्यांच्या पायांवर घालायला आणू लागल्या. बस्तीचे कारभारी रोज येऊन बसत. हे गृहस्थ एका दिवसाच्या उपवासाला चार जणांना आपली जीभ दाखवून कोरडी पडली का विचारायचे. ते आता मामंजींच्या तपावर प्रवचन द्यायला लागले. यजमानांची छाती फुगली होती. मी दाराआडून मामंजींचा चेहरा बघायची.

दहा दिवस संपले. पारण्याला घर भरलं. मी मुगाचं पाणी वाटीत आणलं. मामंजींनी वाटीवर हात आडवा धरला.

"आत्ता न्हाई. चाललंय त्ये चालू द्या," ते म्हणाले.

कुजबुज सुरू झाली. सल्लेखना हा शब्द मी तेव्हा ऐकला. अन्नपाणी क्रमानं सोडून शांतपणे देह ठेवायचा, हे आमच्यातलं सर्वांत मोठं व्रत. माझ्या आजोबांचं मी फलटणला पाहिलं होतं. त्यांच्या तोंडावर भीतीचा लवलेश नव्हता. मामंजींच्या डोळ्यांत नुसती भीती होती, आणि ती मला एकटीलाच दिसत होती, कारण तसलीच माझ्याही पोटात होती. कारभारी हात जोडून म्हणाले, "लय मोठा जीव!" यजमान रडायला लागले.

आणखी तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी लोक जेवायला पांगले होते, यजमान अडतीवर होते. मी मामंजींचं मनगट धरलं तर नाडी सापडेना. पुन्हा चाचपली तेव्हा लागली, अगदी बारीक.

"आवं मामंजी, दोन चमचं तरी घ्या," मी म्हटलं.

"घेतलं की परत सुरू हुतंय. मग बस्ती बंद."

"पर असं किती दिस? जीव जाईल की."

त्यांनी डोळे उघडले. "मला मरायचं न्हाई, पोरी. लोकं म्हणत्यात तसलं वैराग्य-बिराग्य काय न्हाई माझ्यात. मला नुस्ती ती पायरी चढायची हाय. जेवून चढता आली असती तर जेवलो नसतो व्हय?"

मी गप्प राहिले असते तर हे साधू म्हणून गेले असते आणि मी साधूची सून झाले असते. कुणाला काही कळलं नसतं. हे माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू? आलं आणि मला स्वतःचीच इतकी भीती वाटली की मी उठले, स्टूल ओढलं आणि माळ्यावरचं फडकं खाली काढलं. धुळीसकट त्यांच्यापुढे उघडलं.

"ह्ये रोज करायचं हुतं. जन्मभर. सिस्टरबाईंनी तसंच सांगितलं हुतं. मी भ्याले आणि खोटं बोलले. रोज केलं असतं तर तुमी जेवून बस्तीत गेला असता."

त्यांनी नळी हातात घेऊन तिच्यावरची धूळ बोटानं पुसली.

"नऊ म्हैनं?" त्यांनी विचारलं.

मी खाली बसले. त्यांनी मारावं असं मला वाटत होतं, पण मारायला त्यांच्या अंगात ताकद कुठे होती!

"आज भ्या वाटत न्हाई?" ते म्हणाले.

"वाटतंय. लय वाटतंय."

"मला बी वाटतंय," ते म्हणाले. "लाव."

रबर कडक झालं होतं. उकळून मऊ केलं, कुठे चिरलंय का ते बोटानं तपासलं. भांडं खुंटीला टांगलं. पाणी मनगटावर घेऊन बघितलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"आत काय न्हाईच, तर धुणार काय?" मामंजी पुटपुटले. मला हसूही आलं आणि रडूही.

दोन बोटांवर नळी अडली. ते कण्हले. माझा हात नळी ओढायला निघाला होता. मी थांबले. जोर लावला नाही, ओढलीही नाही, नुसती धरून राहिले. दुसऱ्या हातानं मी माझंच मनगट घट्ट धरलं. मामंजींनी णमोकार मंत्र सुरू केला, मीही त्यांच्या मागून म्हणायला लागले. तिसऱ्यांदा म्हणताना नळी आपोआप सरकली. भांड्यातलं पाणी हळूहळू उतरलं, आणि काही वेळानं गढूळसं होऊन घमेल्यात परत आलं. त्यात रक्ताचा एक धागा होता. तो त्यांनीही पाहिला. मी नळी पुसून ठेवली आणि मुगाचं पाणी ऊन करायला गेले.

त्या दिवशी ते चार चमचे प्याले. दुसऱ्या दिवशी वाटीभर. आठवड्यानं मऊ भात. रोज सकाळी दार लावून आम्ही दोघं ते धुणं करायचो. पुढच्या पंधरवड्यात घडी दिवसभर कोरडी राहायला लागली. एके सकाळी ते धुणं उरकून, अंघोळ करून बस्तीत गेले. घरी येऊन जेवले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

पण त्याआधी, पहिल्या चार चमच्यांच्या दुसऱ्याच दिवशी, कारभारी चार माणसं घेऊन आले होते. वाटी त्यांनी पाहिली.

"काय ओ, मोडलासा?" ते म्हणाले. "का मोडलासा?"

मी दाराआड उभी होते. आता हे सांगणार, सुनेनं नऊ महिने फसवलं. यजमान समोरच बसले होते.

"भूक लागली," मामंजी म्हणाले.

कारभारी उठले. पुढे केलेलं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही. पायांवर लेकरं घालणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. हळदीच्या पेठेत ती थट्टाच होऊन बसली. मामंजी रस्त्यानं चालले की कुणीतरी मागून हळूच म्हणायचं, "काय, भूक लागली का?" यजमान साधूचे चिरंजीव व्हायचे राहिले, म्हणून दोन महिने बापाशी बोलले नाहीत. मामंजी दोन वर्षं जगले. रोज बस्तीत गेले, रोज जेवले. नळी अडायच्या क्षणाला मी रोज भ्याले. त्या बंद दाराआड ते माझ्याशी पुष्कळ बोलायचे, पण त्या नऊ महिन्यांचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, माझ्यापाशी नाही आणि दुसऱ्या कुणापाशी तर नाहीच.

ते गेले त्या सकाळी सगळा समाज अंगणात जमला. कारभाऱ्यांनी डोळे पुसले. मनापासून पुसले, माणूस वाईट नव्हता.

"सोन्यासारखा माणूस," ते म्हणाले. "पर भुकेला कच्चा. न्हाईतर कुठल्या कुठं गेला असता."

लोकांनी माना हलवल्या. यजमानांनी शरमेनं मान खाली घातली. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. मी पदर तोंडात धरला आणि बोलले नाही.