तारवाल्या अक्कांची चूळ

ये अशी जवळ, उजेडात बस. तोंड उघड. दातांना तारा लावून घेतल्या आणि सकाळचे पोहे अजून तिथंच? शेजारच्या तारवाल्या अक्का असत्या, तर तुला नळावरून उठूच दिलं नसतं.

आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीत दिवस मावळत आल्याचं अक्कांच्या गुळण्यांवरून कळायचं. जैनांच्या घरातल्या त्या, वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या. वरचे दात पुढं आलेले. त्यामुळं जन्मभर आधी पदर तोंडावर जायचा, मग हसू यायचं. धाकट्या लेकीचं लग्न शिक्षण संपल्यावर करायचं ठरलं, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या बाईंनी जाहीर केलं, "या लग्नात मी पदर न लावता हसणार हाय." आणि कॉलेजच्या पोरींच्या रांगेत बसून तारा लावून आल्या.

त्यांचे मालक म्हणाले, "आता कुणाला दाखवायचेत दात?"

"तुम्हाला न्हाय," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची. तिनं सांगितलं, रात्री झोपताना ब्रश करायचाच. झाली पंचाईत. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही, हा अक्कांचा लहानपणापासूनचा नेम. "गिळू नका, नुसती चूळ भरा," डॉक्टरीण म्हणाली. "गिळलं न्हाय ह्ये कोण बघणार? तुम्ही का मी?" अक्का म्हणाल्या.

नेम तसाच राहिला आणि जेवणही पहिल्यासारखंच, दिवस बुडता बुडता. तारांत अडकलेली भाकरी रात्रभर मुक्कामाला. हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पुढच्या वेळी हिरड्या अशाच दिसल्या तर तारा काढून टाकणार. त्या दिवशी अक्का माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "नेम मोडायचा न्हाय, मग जेवणच आधी उरकायचं."

दुसऱ्या दिवसापासून ऊन असतानाच जेवण. मग भिंतीला आरसा टेकवून बाहेरच्या नळावर बैठक. मोठा ब्रश दातांवरून, बारीक ब्रश तारेखालून, एकेका दाताची विचारपूस. पावणं आलं तरी बोलणं नाही, बोटानं मावळतीकडं दाखवायच्या. मी विचारायची, "अक्का, दात घासताय का भांडी?" तोंडात फेस असताना त्यांना उत्तर देता यायचं नाही, म्हणून तर विचारायची. शेवटची चूळ टाकली की तोंड सकाळपर्यंत बंद. फक्त बोलण्यापुरतं उघडं, म्हणजे उघडंच.

हिरड्या बऱ्या झाल्या. मग तीच डॉक्टरीण पोरींना सांगायला लागली, अक्कांसारखं लवकर जेवा, दात घासा आणि नंतर काही खाऊ नका. पोरी ऐकतात कुठं.

लग्नाआधी तारा निघाल्या. दात नव्या फरशीसारखे, एका ओळीत. फोटोवाला म्हणाला, "अक्का, हसा की." अक्का हसल्या आणि हात आपोआप पदराकडं गेला. सबंध अल्बममध्ये पदरच हसतोय. शेवटी लेक गाडीत बसली, तेव्हा मात्र अक्का पदर विसरल्या. मांडवाच्या दारात तोंड उघडं टाकून रडल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "काय दात हाईत वो."

मागच्या वर्षी अक्का गेल्या. आता शेजारचा नळ कोरडा असतो आणि माझ्या हातून दिवा लावायला उशीर होतो.

तू उद्या पुण्याला जाशील, रात्री कधी काय खाशील देव जाणे. आज तरी ब्रश घे आणि नळावर बस. गुळण्या जरा आवाज करत कर. आणि सुट्टीची वाट न बघता लवकर परत ये बाई. येशील तेव्हा दिवस मावळायच्या आत पोच.